दोन गर्भाशये : वाढलेली नव्हे, न जुळलेली

२०१९ साली बांगलादेशातील जशोर भागातून एक बातमी जगभर पसरली. विशीतल्या एका स्त्रीने फेब्रुवारीच्या अखेरीस मुलाला जन्म दिला, ती घरी गेली, आणि पुन्हा पोटात दुखू लागले म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा तिच्या दुसऱ्या गर्भाशयात जुळी असल्याचे दिसले. पहिल्या बाळंतपणानंतर २६ दिवसांनी सिझर करून तीही सुखरूप जन्मली. अशा बातमीच्या मथळ्यात ‘चमत्कार’ हा शब्द ठरलेलाच असतो, आणि तो वाचणाऱ्याची समजूत अशी होते की या बाईला एक अवयव जास्तीचा मिळाला. खरी गोष्ट उलट आहे. आईच्या पोटात असताना प्रत्येक मुलीचे गर्भाशय दोन भागांतच सुरू होते. ते एक होण्याचे काम या स्त्रियांमध्ये अर्धवट राहिलेले असते.

गर्भ सहा-सात आठवड्यांचा असताना, मुलगा असो वा मुलगी, त्याच्या पाठीच्या बाजूला नळ्यांच्या दोन जोड्या असतात. एक वोल्फ नलिकांची, दुसरी म्युलर नलिकांची. दुसरीला हे नाव जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांच्यावरून पडले, ज्यांनी १८३० मध्ये तिचे वर्णन केले. मुलाच्या वृषणांतून पाझरणारे एक संप्रेरक म्युलर नलिका विरघळवून टाकते. मुलीत ते त्या वेळी नसते, त्यामुळे या नळ्या टिकतात आणि वाढू लागतात. मात्र त्यांना स्वतःची वाट स्वतः काढता येत नाही. तारेच्या आधाराने वेल सरकावा तसे म्युलर नलिकेचे टोक शेजारच्या वोल्फ नलिकेला बिलगून खाली सरकत जाते. कोंबडीच्या गर्भात वोल्फ नलिका मध्येच तोडली, तर म्युलर नलिकेची वाढही तिथेच थांबते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. मूत्रपिंड घडवणारा अंकुरही याच वोल्फ नलिकेतून फुटतो, हे लक्षात ठेवावे.

खाली उतरलेल्या दोन्ही नळ्या मग मध्यरेषेकडे वळतात आणि एकमेकींना चिकटतात. वरची टोके वेगळीच राहतात. त्यांच्या बीजवाहिन्या होतात. चिकटलेला भाग गर्भाशयाचा, पण तो अजून शेजारशेजारच्या दोन खोल्यांसारखा असतो. मधली सामायिक भिंत विरघळली की एक दालन तयार होते, आणि हे काम गर्भाच्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास संपते. एक नळी वाटेतच थांबली, तर एकाच बाजूचे अरुंद, एकशृंगी गर्भाशय उरते. दोन्ही पोहोचल्या पण जुळल्याच नाहीत, तर दोन गर्भाशये आणि बहुधा दोन गर्भाशयमुखे. अर्ध्यापर्यंतच जुळल्या, तर दोन शिंगांचे, द्विशृंगी गर्भाशय. सगळे नीट जुळून फक्त भिंत उरली, तर पडदा असलेले गर्भाशय. सशाच्या मादीत दोन गर्भाशये आणि गाय-कुत्रीत दोन शिंगे हीच सामान्य रचना असते. तिथे कुणी तिला दोष म्हणत नाही.

या स्त्रिया फार दुर्मीळही नाहीत. निवड न करता तपासलेल्या स्त्रियांत अशी काही ना काही ठेवण सुमारे ५.५ टक्के जणींमध्ये, तर आधी गर्भपात झालेल्यांमध्ये सुमारे १३ टक्के जणींमध्ये आढळते. पुष्कळ जणींना ते पहिल्या गरोदरपणातच कळते, काहींना कधीच कळत नाही. एका गर्भाशयात बाळ वाढत असताना दुसरे रिकामे गर्भाशय स्वस्थ बसत नाही, ही मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. गर्भ टिकवणारी संप्रेरके रक्तातून फिरत असल्याने ती दोन्हीकडे सारखीच पोहोचतात, आणि रिकाम्या पिशवीचे अस्तरही पाहुण्याच्या तयारीने जाड होते, पिशवी थोडी मोठीही होते.

बाळाला मात्र अर्धीच जागा मिळालेली असते. ते फिरू शकत नाही म्हणून पायाळू राहण्याचे प्रमाण वाढते, दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याची आणि वाढ कमी राहण्याचीही शक्यता असते. गर्भाशयमुख आखूड होते आहे का, हे सोनोग्राफीने पाहत राहतात आणि गरज वाटली तर पिशवीला टाका घालतात. रचना वेगळी आहे एवढ्यावरून टाका किंवा सिझर ठरत नाही.

दिसायला सर्वांत किरकोळ असलेला पडदाच गर्भपाताशी अधिक जोडलेला आढळतो. तो आणि द्विशृंगी गर्भाशय यांतला फरक आतून पाहून कळत नाही, कारण दोन्हींत पोकळी दुभागलेलीच दिसते. फरक बाहेरच्या कडेत आहे : पडदा असेल तर गर्भाशयाचा माथा सपाट किंवा गोलसर, द्विशृंगी असेल तर माथ्यावर खोल खाच. त्रिमितीय सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये ही कड स्पष्ट दिसते, आणि ती न पाहता दुर्बिणीतून ‘पडदा’ कापायला गेले, तर कात्री गर्भाशयाच्या भिंतीतून आरपार जाऊ शकते. पडदा कापावा का, हाही मिटलेला प्रश्न नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीत पडदा कापलेल्या गटात ३१ टक्के आणि न कापलेल्या गटात ३५ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. सहभागी स्त्रिया ८० च होत्या, तेव्हा यावरून अंतिम निकाल देता येत नाही. पण ‘पडदा काढला की पाळणा हललाच’ अशी हमी देणाऱ्यांना दोन प्रश्न जरूर विचारावेत.

जोडकेळे खाल्ले म्हणून किंवा ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, असे सुनेला ऐकवणाऱ्यांनी वेळापत्रक पाहावे. हे सारे ती स्वतः तिच्या आईच्या पोटात पाच महिन्यांची असतानाच पूर्ण झालेले होते.

एकशृंगी गर्भाशयाच्या बाजूला कधीकधी न वाढलेल्या नळीचे बंद, छोटे शिंग उरते. शुक्राणू पोटाच्या पोकळीतून फिरून पलीकडच्या बीजवाहिनीत पोहोचू शकतात, आणि त्या शिंगात गर्भ रुजला तर बहुधा मधल्या तिमाहीत ते फाटते. रक्तस्राव जिवावर बेततो. म्हणून असे शिंग वेळीच ओळखून काढणे महत्त्वाचे. अशा प्रत्येक स्त्रीची मूत्रपिंडेही मोजावीत, कारण वोल्फ नलिका बिघडली असेल तर त्या बाजूचे मूत्रपिंड नसण्याची शक्यता मोठी असते.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यात दोन्ही गर्भाशयांत एकेक मुलगी असलेल्या स्त्रीचे बाळंतपण झाले. दोन्ही गर्भाशये आपापल्या लयीत आकुंचन पावत होती. पहिली मुलगी १९ तारखेच्या संध्याकाळी नैसर्गिकरीत्या जन्मली, दुसरी दुसऱ्या दिवशी सकाळी सिझरने.