अबोगादो६च्या चित्रांमागची वंशावळ

अबोगादो६ या टोपणनावाने एक जपानी चित्रकार समाजमाध्यमांवर डिजिटल चित्रं टाकतो. त्यात साधीच माणसं दिसतात, फक्त त्यांच्या शरीराचं काहीतरी भलतंच झालेलं असतं. अशा चित्रांखाली स्वप्नासारखी चमत्कारिक चित्रं काढणाऱ्या स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं नाव हमखास येतं. माझ्या मते त्यांचं मूळ जपानातच शोधावं.

१८४०च्या दशकात शोगुनशाहीने, म्हणजे तेव्हाच्या जपानी लष्करी राजवटीने, नट आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी केली. लाकडी ठशांनी चित्रं छापणाऱ्या उतागावा कुनियोशीने मग भुताखेतांच्या आडून सरकारला चिमटे काढले. १८४७च्या सुमारास तर त्याने उघडीवाघडी माणसं एकमेकांत गुंफून एक अख्खा चेहरा उभा केला.

स्वप्नासारखी, तर्काला न जुमानणारी अशी चित्रं काढण्याच्या चळवळीचं अतिवास्तववाद हे नाव मात्र युरोपातून आलं. जपानी चित्रकार कोगा हारुएच्या १९२९ सालच्या ‘समुद्र’ या चित्रात पोहण्याच्या पोशाखातली बाई, आतली यंत्रं दाखवणारी पाणबुडी, कारखाना आणि मासे एकत्र नांदतात. यातल्या आकृत्या त्याने पोस्टकार्डांवरून, मासिकांतून उचलल्या होत्या. संगणकावर लेयर, म्हणजे चित्राचे थर, एकावर एक रचणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. पुढच्याच वर्षी कवी-समीक्षक ताकिगुची शूझोने या चळवळीचा फ्रेंच प्रणेता आंद्रे ब्रेतों याचं चित्रकलेवरचं पुस्तक जपानीत आणलं. १९४१मध्ये पोलिसांनी ताकिगुचीला आणि चित्रकार फुकुझावा इचिरोला साम्यवादाच्या संशयावरून महिनोन्‌महिने कोठडीत ठेवलं. चळवळीचा कणाच मोडला.

पण अबोगादो६चा कलेतला खरा थोरला भाऊ म्हणजे चित्रकार इशिदा तेत्सुया. जन्म १९७३, याइझू गावचा. तो ऐन उमेदीत आला तेव्हा जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला होता. त्याच्या १९९६च्या एका चित्रात सूट घातलेले नोकरदार उपाहारगृहात रांगेने बसलेत आणि त्यांच्या तोंडात पेट्रोलपंपाच्या नळ्या खुपसल्या आहेत. जेवण नव्हे, इंधनभरणी! दालीची स्वप्नं इथे नाहीतच. आहे तो कामाचा शीण. २००५ साली रेल्वे फाटकावर इशिदाचा मृत्यू झाला, तेव्हा तो ३१ वर्षांचा होता.

दोनच वर्षांनी पिक्सिव्ह हे चित्रकारांचं संकेतस्थळ जपानात सुरू झालं आणि गॅलरीच्या दारात ताटकळायची गरज उरली नाही. त्याबरोबर चित्राची ठेवणही बदलली. इशिदा ॲक्रिलिक रंगांत कोपरान्‌कोपरा तपशिलाने भरायचा. फोनच्या पडद्यासाठीच्या चित्रात बहुतेकदा एकच माणूस, त्याच्यात एकच बिघाड आणि भोवती मोकळी जागा.