काँक्रीटच्या पोटातला संवेदक

कोकणात खाडीवरच्या पुलाचा खांब उभा राहिला की खाऱ्या पाण्यातले क्लोराइड त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपू लागते, आणि ते सळईपर्यंत पोचले की फुगणारा गंज बाहेरचे काँक्रीट फोडून काढतो. ही वाट किती अरुंद राहील, हे पहिल्या काही दिवसांच्या क्युरिंगवर, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्यावर, फार अवलंबून असते. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक संयोगातून तयार होणारे घन पदार्थ छिद्रे भरत जातात आणि त्यासाठी आत ओल टिकावी लागते. म्हणून आयएस ४५६ हे भारतीय मानक साध्या सिमेंटला किमान ७, तर फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारायला सांगते. किनाऱ्यावर ही मिश्र सिमेंटेच योग्य ठरतात, पण ती सावकाश घट्ट होतात, आणि नेमकी तिथेच घाई केली जाते.

ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटर बाजूचे ठोकळे, म्हणजे क्यूब, पाण्याच्या टाकीत बुडवून २८ दिवसांनी फोडतात. मात्र टाकीतला क्यूब आणि उन्हावाऱ्यात उभा असलेला, गोणपाट दुपारीच सुकलेला खांब यांची स्थिती एक नसते. खांबाचे खांबालाच विचारता आले पाहिजे.

ते पीझोइलेक्ट्रिक संवेदकांमुळे शक्य होते. दाब पडला की काही स्फटिकांवर विद्युतभार निर्माण होतो, हे प्येर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवले. उलट, विद्युतदाब दिला की तेच स्फटिक किंचित आकार बदलतात. आज शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियमयुक्त सिरॅमिकच्या पातळ चकत्या जलरोधक आवरणात गुंडाळून सळईच्या जाळीला बांधतात आणि त्यावर काँक्रीट ओततात. एक चकती कंप सोडते, दुसरी तो टिपते. ताज्या काँक्रीटमध्ये हवेचे बुडबुडे असल्याने लहर पाण्यातल्यापेक्षाही, म्हणजे सेकंदाला सुमारे १,५०० मीटरपेक्षाही, मंद जाऊ शकते. चांगल्या पक्क्या काँक्रीटमध्ये तिचा वेग ४,००० मीटरच्या आसपास पोचतो. चकत्यांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर असेल, तर या वेगाने लहर ७५ मायक्रोसेकंदांत पोचते. आडव्या कंपनाची लहर तर द्रवातून जातच नाही. ती उमटू लागली की काँक्रीट आळू लागल्याची खूण मिळते.

दुसऱ्या पद्धतीत एकच चकती पुरते. तिला वेगवेगळ्या वारंवारतांचा विद्युतप्रवाह देऊन तिचा विद्युत प्रतिसाद मोजतात. भोवतालचे काँक्रीट चकतीला जसजसे आवळते, तसतशी अनुनादाची शिखरे, म्हणजे चकती सर्वांत जोरात थरथरते त्या वारंवारतांची आलेखातली टोके, वरच्या वारंवारतेकडे सरकतात आणि बुटकी होत जातात.

या मोजणीला एक मर्यादा आहे आणि ती लपवून उपयोग नाही. लहरीचा वेग मुख्यतः कडकपणा सांगतो, ताकद नव्हे. तो सुरुवातीला झपाट्याने वाढून लवकर स्थिरावतो, तर ताकद पुढेही वाढत राहते. तापमान आणि ओलही आकडे बदलतात. त्यामुळे त्याच मिश्रणाचे क्यूब फोडून आधी वेग आणि ताकद यांचा मेळ घालावा लागतो. शिवाय क्युरिंग आवरले की सर्वांत आधी सुकतो तो सळईबाहेरचा थर. माझ्या मते किनाऱ्यावरच्या बांधकामात किमान एक संवेदक त्याच थरात बसवायला हवा.