ग्राफीनची फिल्म सेन्सरवर कशी पोचली, थोडी पार्श्वभूमी

ग्राफीन (ग्राफाइटचा एकाच अणूइतका जाड थर) म्हटलं की बहुतेक जण २००४ पासूनच सुरुवात करतात. मँचेस्टर युनिव्हर्सिटी, गाइम आणि नोव्होसेलोव्ह, चिकटपट्टीने ग्राफाइटचा थर सोलून काढला, २०१० ला नोबेल. हे सगळं खरंच आहे, पण गॅस सेन्सरवर जी कंपोझिट (ग्राफीनमधे दुसरा पदार्थ मिसळून केलेली) फिल्म चढवतात तिचं मूळ तिथे नाहीये असं माझं स्पष्ट मत आहे. ते जुन्या, बीकरमधल्या केमिस्ट्रीत आहे, आणि आपल्या नाशिकच्या सायन्स कॉलेजांमधे गॅस सेन्सरवर इतकी वर्षं काम चाललंय तर ही मागची गोष्ट नवीन पोरापोरींना माहीत असावी म्हणून लिहितोय.

१८५९ साली ब्रॉडी नावाचा इंग्लिश केमिस्ट ग्राफाइटचा अणुभार काढायच्या मागे होता. त्याने ग्राफाइटवर पोटॅशियम क्लोरेट आणि फ्युमिंग नायट्रिक अॅसिडची परत परत प्रक्रिया केली आणि हाती आला ऑक्सिजन भरलेला नवाच पदार्थ, ग्राफाइट ऑक्साइड. त्यावरून त्याने ग्राफाइटमधल्या कार्बनचा अणुभार ३३ धरला, तो चुकला, पण पदार्थ टिकला. १८९८ ला स्टाउडेनमायरने कृती सुधारली तरी क्लोरेटमुळे स्फोटाची भीती होतीच. मग १९५८ ला हमर्स आणि ऑफमनने सल्फ्युरिक अॅसिड, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम परमँगनेट वापरून काम काही तासांवर आणलं, आणि आजही लॅबमधे 'हमर्सने केलं का?' असंच विचारतात. २०१० ला अमेरिकेतल्या जेम्स टूरच्या ग्रुपने नायट्रेट काढून फॉस्फोरिक अॅसिड घातलं, त्यामुळे विषारी वायूंचा त्रास गेला.

ही कृती होताना बघावी. बीकर बर्फात, परमँगनेट थोडं थोडं करून टाकायचं, घाई केली की मिश्रण तापतं आणि ते खरंच धोक्याचं असतं, मग हिरवट काळा रंग, मग ढवळता येणार नाही इतका घट्ट चिखल, पाणी घातलं की तपकिरी, आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड पडलं की बुडबुडे येऊन सगळं पिवळंधमक होतं. त्यापुढचं धुणं मात्र जीव खातं, कारण जसजसं अॅसिड निघून जातं तसतसा गाळ जेलीसारखा फुगतो आणि सेंट्रिफ्यूज केलं तरी खाली बसत नाही.

दुसरीकडे सेन्सरची गोष्ट वेगळीच चालली होती. जपानमधे १९६२ ला तागुचीने टिन ऑक्साइडचा गॅस सेन्सर काढला, घरात गॅस लीक झाला तर कळावं म्हणून. आपल्याकडे स्क्रीन प्रिंटिंगने जी थिक फिल्म करतात, पेस्ट बनवून सबस्ट्रेटवर (खालच्या पट्टीवर) छापायची आणि मफल फर्नेसमधे भाजायची, ती याच घराण्यातली. अडचण एकच, या ऑक्साइडला साधारण २०० ते ४०० डिग्री तापवावं लागतं, म्हणजे हीटर आला, वीज आली, बॅटरीवर चालवायचं स्वप्न लांब गेलं.

हे दोन रस्ते एकत्र आले २००६ नंतर. त्या वर्षी अमेरिकेतल्या रॉडनी रुऑफच्या ग्रुपने पॉलिस्टायरीनमधे ग्राफीनचे पापुद्रे पसरवून दाखवलं की आकारमानाच्या फक्त ०.१ टक्का ग्राफीन असलं तरी अख्खं प्लॅस्टिक करंट वाहायला लागतं. २००७ ला मँचेस्टरच्याच लोकांनी ग्राफीनवर नायट्रोजन डायऑक्साइडचा एकेक रेणू बसता-उठताना रेझिस्टन्सची उडी मोजली आणि सगळीकडे खळबळ उडाली.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते २००९ चं काम. पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत ग्राफीनवर लिथोग्राफीनंतर (बारीक नक्षी उमटवायची पद्धत) उरलेला रेझिस्टचा (त्यासाठी लावलेल्या पॉलिमरचा) पातळ थर तापवून साफ केला, आणि साफ झाल्यावर रसायनांच्या वाफांना मिळणारा रिस्पॉन्स एकदम खाली आला. म्हणजे वाफ पकडत होता तो वरचा कचरा, ग्राफीन फक्त खबर पोचवत होतं. स्वच्छ ग्राफीनवर रेणूला धरून ठेवायला जागाच फारशी नसते हो. ग्राफीन ऑक्साइडवर (ब्रॉडीच्या ग्राफाइट ऑक्साइडचेच सुटे केलेले पापुद्रे) मात्र ऑक्सिजनचे गट आणि तुटलेल्या जागा भरपूर, फक्त ते करंट वाहत नाही, म्हणून त्याला हायड्रॅझिन किंवा व्हिटॅमिन सी ने अर्धवट रिड्यूस करतात, म्हणजे थोडा ऑक्सिजन काढून टाकतात, तपकिरी द्रावण काळं पडतं. मग त्यात झिंक ऑक्साइड, टिन ऑक्साइड नाहीतर पॉलिअॅनिलिन (करंट वाहणारं पॉलिमर) मिसळायचं, ते गॅस पकडतं आणि ग्राफीन करंट वाहतं. पॉलिअॅनिलिनवर अमोनिया आला की तो प्रोटॉन ओढून घेतो, रेझिस्टन्स वाढतो, आणि हे सगळं खोलीच्या तापमानाला. ब्रॉडीचा तो 'बिघडलेला' ग्राफाइट इथे कामाला आला.

फिल्म घालायच्या पद्धती बऱ्याच आहेत, स्पिन कोटिंग, डिप कोटिंग, व्हॅक्यूम फिल्टरेशन वगैरे, पण कॉलेजात परवडतं ते ड्रॉप कास्टिंग, मायक्रोपिपेटने थेंब सोडला की झालं. त्यात थेंब वाळताना सगळा माल कडेला सरकतो, मधे फिकट आणि भोवती काळी रिंग, आणि मग एकाच बॅचचे दोन सेन्सर दोन वेगळे आकडे देतात.

आणि पाणी. २०१३ ला नोकियाच्या रिसर्च टीमने फक्त १५ नॅनोमीटर जाड ग्राफीन ऑक्साइडची फिल्म दाखवली जी दमटपणाला साधारण ३० मिलिसेकंदात रिस्पॉन्स देते. द्राक्षबागेत डावणी (वेलीवरचा रोग) येते ती ओलाव्यावर, तेव्हा पिंपळगाव-दिंडोरीकडच्या बागायतदाराला असल्या स्वस्त फिल्मचा उपयोग लगेच समजेल. पण तीच गोष्ट गॅस सेन्सरला नडते. कांदा चाळीत सडायला लागला की सल्फरची संयुगं सुटतात, ती पकडायची तर पावसाळ्यात चाळीतली हवा दिवसभरात कितीदा तरी कोरडी-दमट होत असते आणि फिल्म त्यालाच उत्तर देत बसते, म्हणून एकाच सबस्ट्रेटवर शेजारी शेजारी दोन फिल्म घालतात, एक गॅससाठी आणि एक नुसत्या दमटपणासाठी, आणि दुसरीचं रीडिंग पहिलीतून वजा करतात.