बोअरचे नमुने हाताळण्यापूर्वी: सोसायट्यांसाठी माहिती

रिडेव्हलपमेंटसाठी जमिनीत बोअर म्हणजे खोल भोक पाडून माती परीक्षण करून घेणाऱ्या सोसायट्या आम्हाला हमखास विचारतात, "समुद्र एवढा लांब, मग आमच्या बोअरमध्ये शिंपले कुठून आले?"

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुग भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होती. बर्फ वितळलं, पाणी चढलं आणि सखल भागात शिंपल्यांसकट खाडीचा गाळ साचला. मुंबई बंदरातला, 1880 मध्ये सुरू झालेला प्रिन्सेस डॉक खोदताना तर गाळाखाली मुळांवर उभे असलेले झाडांचे बुंधे सापडले होते. तिथे पाणी चढलं की जमीन खचली, हा वाद तज्ज्ञांचा. झाडं बुडाली ती बुडालीच.

हे सगळं कळतं ते थरांच्या क्रमावरून. थर उलटेपालटे झाले नसतील तर खालचा आधीचा, वरचा नंतरचा, हा डॅनिश शास्त्रज्ञ स्टेनोने 1669 मध्ये मांडलेला नियम आम्ही रोज वापरतो. खाडीलगतच्या प्लॉटवर साधारणपणे तळाला काळा कातळ, त्यावर मुरूम, कुठे शिंपल्यांची वाळू, मग काळी चिकण माती आणि सगळ्यात वर भराव लागतो. वाळूवर चिकण माती असेल तर बहुधा समुद्र आत येत गेला. उलट असेल तर किनारा बाहेर सरकला. (भरावातला मोठा दगड लागला की "खडक लागला, बोअर थांबवा" असे फोन येतात. आम्ही थांबत नाही.)

आता मुख्य तक्रार. कोअर बॉक्स, म्हणजे बोअरमधून निघालेले तुकडे क्रमाने ठेवायचा खोका, पुस्तकासारखा वाचायचा असतो: वरचा तुकडा डावीकडे पहिला, मध्ये खोली लिहिलेले लाकडी ठोकळे. कमिटीची मंडळी कौतुकाने तुकडा उचलतात, पुसतात, फोटो काढतात आणि जागा दिसेल तिथे ठेवतात. मातीच्या पिशव्यांची लेबलंही अशीच सुटतात. चिकण मातीची जाडी चुकली की पाइलची (इमारतीचा भार खाली नेणाऱ्या, जमिनीतल्या खांबांची) लांबी चुकते. मग दुसरा बोअर घ्यावा लागतो, त्याचे पैसे वेगळे, आणि रिग (बोअर पाडायचं यंत्र) पुन्हा मिळेपर्यंत काम अडतं.

म्हणून आम्ही बॉक्सला कुलूप लावतो. त्यात अविश्वास नाही. बघायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा. आमचा इंजिनीअर साइटवर येऊन कमिटीला एकेक थर दाखवेल, त्याचं शुल्क नाही. शेजारच्या बिल्डिंगचा रिपोर्ट असेल तर तोही आणा. जुना नाला मधून गेला असेल तर दोन्ही रिपोर्ट जुळणार नाहीत, पण आम्हाला तो नाला सापडेल.