दोन वेळचे जेवण आणि इंदूरची न्याहारी

सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, सायंकाळी चहाबरोबर शेव आणि रात्री पुन्हा जेवण हा क्रम इंदूरच्या मराठी घरांत आज स्वाभाविक वाटत असला, तरी तो फार जुना नाही. धर्मग्रंथांनी माणसाला दोनच वेळा नेमून दिल्या होत्या. महाभारताच्या शांतिपर्वात सकाळ आणि सायंकाळ या भोजनाच्या वेळा सांगून, मधे न खाणाऱ्याला उपवासाचे फळ मिळते असे म्हटले आहे. हा नियम कोणाला परवडत होता, हे मात्र पाहिले पाहिजे. माळव्याच्या काळ्या मातीत पहाटेपासून राबणाऱ्याला ऊन चढण्याआधी बांधावर भाकरी लागेच. न्याहारी मुळात त्याची. लेखणीवर जगणाऱ्या घरांत तिला फारसे स्थान नव्हते.

१८१८ मधील मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि दरबारच्या चाकरीतील मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. अशा घरांत, विशेषतः ब्राह्मणांच्या, स्नान, पूजा आणि नैवेद्य झाल्याखेरीज पान वाढले जात नसे. पुढे कचेरी आणि शाळा घड्याळावर चालू लागल्या, तेव्हा हेच दुपारचे जेवण ओढून सकाळी दहाच्या सुमारास आणावे लागले. वरण-भात जेवून कचेरी गाठायची आणि परतल्यावर काहीतरी तोंडात टाकायचे, ही रीत कित्येक पिढ्या टिकली. पण ती पुरुषांची आणि मुलांची. त्यांची पंगत उठल्यावर, मागचे आवरून बायका पानावर बसत तेव्हा एक वाजून गेलेला असे आणि सोवळ्यातील विधवेला तर दिवसातून एकदाच जेवण्याची सक्ती होती. त्यामुळे ‘त्या काळी लोक अमुक वाजता जेवत’ हे विधान एका छपराखालीही खरे ठरत नाही.

कापड गिरण्यांनी घड्याळ आणखी कडक केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात गिरणीउद्योगाची सुरुवात झाली आणि पुढे मालवा, हुकुमचंद यांसारख्या गिरण्यांचे भोंगे शहराची वेळ सांगू लागले. पाळी बदलली की कामगाराची भूकही बदले. रात्रपाळीवाल्याचे मुख्य जेवण इतरांच्या झोपेच्या वेळी होई. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यापूर्वी किमान अर्ध्या तासाची सुट्टी बंधनकारक केली. चहाचा प्रसारही याच वाटेने झाला. १९०३ च्या चहा उपकर कायद्यातून उभ्या राहिलेल्या निधीवर देशभर प्रचार झाला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांमध्ये चहाची दुकाने निघाली. रिकाम्या पोटी चहा घेतला की सोबत काहीतरी लागतेच, आणि बैठ्या कामाच्या घरांत न्याहारी शिरायला एवढी फट पुरेशी होती.

पोहे मराठ्यांनी इंदुरात आणले की नाही, यावर येथे वाद रंगतो. सुदाम्याच्या पुरचुंडीतले पोहे कोणत्याही एका प्रांताचे नव्हते, हे त्यात विसरले जाते. मला वेळेतला फरक अधिक महत्त्वाचा वाटतो. मराठी घरात कांदेपोहे बहुधा दुपारी चारच्या सुमारास, पाहुण्यांसमोर, ओले खोबरे आणि कोथिंबीर पेरून येत. इंदुरी ठेल्यावर ते भल्या सकाळी, उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेल्या परातीतून मिळतात; तेल कमी, चव बडीशेपेची आणि किंचित गोड, वरून शेव, कच्चा कांदा, जिरावण हा मसाला आणि शेजारी जिलबी. मधल्या वेळचे खाणे असे दिवसाच्या आरंभी सरकले.

तरीही शहराचे वेळापत्रक एक झाले नाही. येथील जैन समाजात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नियम अनेक घरे पाळतात. रमजानमध्ये मुसलमान कुटुंबे पहाटे सहरी करून सूर्यास्तानंतर रोजा सोडतात. चातुर्मासात एकभुक्त राहणाऱ्या मराठी आजी अजूनही आहेत. दुसरीकडे सराफ्यात दागिन्यांची दुकाने बंद झाली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस, गराडू हा कंद आणि साबुदाण्याची खिचडी मांडली जाते. उपवासाचा हा पदार्थ तेथे मध्यरात्रीही खपतो आणि खाणारे बहुतेक घरून जेवूनच आलेले असतात.