शीड म्हातारं होतं ते नांगरावर

मुंबई बंदरात किंवा ठाण्याच्या खाडीत हौसेने शिडाची बोट चालवणारा माणूस आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा पाण्यावर जातो. एरवी बोट बांधलेली असते आणि मोठं शीड बूमवर, म्हणजे डोलकाठीला खालच्या बाजूने जोडलेल्या आडव्या काठीवर, घड्या होऊन पडलेलं असतं. शीड किती वर्षं टिकणार हे या पडून राहण्याच्या काळात ठरतं. वाऱ्यात फडफडून कापड झिजतं हे खरं, पण आपल्याकडे त्याचं सर्वांत जास्त नुकसान ऊन करतं.

बेलापूर, वाशी, ठाणे ही गावं साधारण १९ अंश उत्तरेला आहेत. त्यामुळे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शाळांच्या पटांगणात शून्य सावलीचा प्रयोग होतो तो मेमध्येच, कारण जुलैत ढग काही दिसू देत नाहीत. एप्रिल-मेच्या दुपारी अतिनील निर्देशांक, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचं माप, ११ च्या वर जातो, आणि त्या मोजपट्टीवर ११ नंतर आणखी वरचा गट नाही.

बहुतेक शिडांचं कापड पॉलिएस्टरचं असतं. १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये जॉन विनफील्ड आणि जेम्स डिक्सन यांनी शोधलेला हाच धागा पुढे टेरीलीनच्या शर्टांतून आपल्या घरोघरी आला. या धाग्यात लांबच लांब रेणूंच्या साखळ्या असतात. साखळीतला कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) ऊर्जा लागते. हिरव्या प्रकाशाच्या एका कणात जेमतेम २.३ असते, म्हणून दिसणाऱ्या उजेडाने हा बंध तुटत नाही. ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणाच्या कणात मात्र ४.१ असते, आणि पॉलिएस्टर नेमके याच भागातले किरण शोषून घेतं. साखळ्या तुटतात, हवेतला ऑक्सिजन तुटक्या टोकांना धरतो आणि कापड आतून ठिसूळ होतं. पत्र्यावर टाकलेली निळी ताडपत्री दुसऱ्या वर्षी हातात घेताच भुगा होते ना, तोच प्रकार. तिचं प्लास्टिक वेगळं, पण मरण एकच.

यावर उपाय म्हणजे खोळ. सुटी खोळ केबिनमध्ये घडी करून ठेवलेली असते. दिवसभर उन्हात दमून परत आल्यावर ती बाहेर काढायची, बूमवर पसरायची, एकेक हूक लावायचा. मग ‘उद्या घालू’ होतं, आणि उद्या कुणी येत नाही. म्हणूनच बूमलाच कायमची जोडलेली खोळ मला फार मोलाची वाटते. तिची रचना साधी आहे. बूमच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या दोन लांब पट्ट्या, प्रत्येकीच्या वरच्या काठात शिवलेली एक लवचीक काठी. डोलकाठीवरून खाली येणाऱ्या बारीक दोऱ्या, ज्यांना लेझी जॅक म्हणतात, त्या या काठ्यांना उभं धरतात. शीड सोडलं की ते या झोळीत उतरतं. वरून दोन्ही काठ जोडणारी चेन (झिप) ओढली की काम झालं.

त्रासही आहे. शीड चढवताना त्याला ताठ ठेवणाऱ्या आडव्या कडक पट्ट्यांची टोकं लेझी जॅकमध्ये अडकतात, म्हणून बोटीचं नाक अगदी वाऱ्याकडे ठेवावं लागतं. डोलकाठीजवळ शिडाचं टोक उघडं राहतं. तिथे कापडाचा वेगळा तुकडा हवाच. तो टाळणाऱ्या बोटींवर शीड आधी तिथेच फाटतं. बूमखाली सावली आहे म्हणून बाजू उघड्या सोडणंही चुकीचं, कारण अतिनील किरणांचा मोठा वाटा आकाशातून विखरून येतो.

खोळीसाठी ॲक्रिलिक कापड चांगलं. ते हे किरण फारच कमी शोषतं, शिवाय धागा बनण्याआधीच त्यात रंग मिसळलेला असतो. त्यातून हवा जाते, हे आपल्याकडे तितकंच महत्त्वाचं. प्लास्टिकचा लेप दिलेलं कापड पाणी अडवतं, पण आतली वाफही कोंडून ठेवतं. आता मिठाचा गुण पाहा: हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात इथली आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे खाऱ्या पाण्याचा हात लागलेलं शीड कितीही वाळवलं तरी वाळत नाही. त्यात ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याची धूळ बसलेली असली की बुरशीला जेवण तयार. म्हणून कोळीवाड्यातल्या होड्या जूनमध्ये किनाऱ्यावर ओढल्या जातात तेव्हा शीडही उतरवावं. गोड्या पाण्याने धुवावं, सावलीत वाळवावं आणि घरी सैल गुंडाळून ठेवावं. कायमची जोडलेली खोळ असली तरी इथे ती ऑक्टोबर ते मेचीच आहे.

खोळ घेताना सगळे कापडाची चौकशी करतात, दोऱ्याची कुणी करत नाही. डोक्यावरचा सूर्य थेट चेनच्या शिवणीवर पडतो आणि तिथला पॉलिएस्टरचा दोरा कापडाच्या कितीतरी आधी जातो. टेफ्लॉनच्या जातीचा दोरा महाग असतो, पण त्यातल्या कार्बन-फ्लोरिन बंधाला सुमारे ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. ओझोनमधून गाळून जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात ४.३ च्या पुढचे कण जवळजवळ नसतातच, शिवाय हा दोरा ते किरण जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे ऊन त्याला सहसा तोडू शकत नाही. साधा दोरा असेल तर दरवर्षी मेअखेर चेनलगतची शिवण नखाने जोरात खरवडून पाहावी. टाके तुटले, तर कापड धड दिसत असलं तरी खोळ पुन्हा शिवायला द्यावी.