१३५ मिलिमीटरचं पापलेट आणि २० मिलिमीटरचं भोक

परवा बाजारात एका मावशींच्या पाटीत पापलेटं दिसली. चकचकीत, ताजी आणि तळहातात सहज मावतील एवढीच. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी योगायोगाने खिशात होती. मी एक पापलेट उचललं आणि मापलं. अकरा सेंटिमीटर.

"काय दादा, मासे घ्यायचेत का ब्लाऊज शिवायचाय?" मावशींनी विचारलं.

मी म्हटलं, कायद्याने साडेतेरा पाहिजे. त्यावर त्यांनी जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "मेलंय ते. आता दर्यात सोडलं तर पोहणार का?"

२०२३ साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटाला राज्यमासा म्हणून मान दिला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७००. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. हे आकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून आले. त्यामागचा विचार साधा आहे: माशाला निदान एकदा तरी अंडी घालू द्या. शिवाय यात तोटाही नाही. माशाचं वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. नऊ सेंटिमीटरचा मासा अठराचा झाला की लांबी दुप्पट होते, वजन मात्र आठपट. वाढू दिलेल्या माशांपैकी काही मधल्या मध्ये मरतात, काहींना दुसरे मासे खातात. तरीही आठपट म्हणजे बरंच झालं. या हिशोबाचं नेटकं गणित रे बेव्हर्टन आणि सिडनी होल्ट या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५७ साली मांडलं. जगभरातलं मत्स्यव्यवस्थापन आजही त्या पायावर उभं आहे.

बातमी आली तेव्हा आमच्या ओळखीतल्या बहुतेकांचं मत एकच पडलं: मग जाळ्याची भोकं मोठी करा, संपला प्रश्न. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. पण जाळ्याचं भोक हा प्रकार फार मजेशीर आहे, आणि या लेखाचा मोठा भाग मी त्यावरच खर्च करणार आहे.

जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात. आस मोजताना भोक लांबीच्या दिशेने पूर्ण ताणतात आणि समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर घेतात. म्हणजे ४० मिलिमीटरचा आस असेल, तर त्याची प्रत्येक बाजू २० मिलिमीटर. आता चार आगकाड्या घ्या आणि टोकं जोडून चौकोन करा. सगळ्या काड्या सारख्या, म्हणजे हा समभुज चौकोन. कोपरे काटकोनात असताना तो पूर्ण उघडा असतो. समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. काड्या तेवढ्याच राहतात, भोक मात्र मिटत जातं. क्षेत्रफळ म्हणजे बाजूचा वर्ग गुणिले कोनाचा साइन, दहावीत शिकलो होतो तेच. काटकोनात ४०० चौरस मिलिमीटर. कोन ३० अंशांचा झाला की २००. २० अंशांवर जेमतेम १३७. कायद्याच्या माणसाने मोजलं तर आस तिन्ही वेळा ४० मिलिमीटरच भरतो!

पण माशाला क्षेत्रफळाशी काय करायचंय? त्याला अंग जायला वाट हवी. गोलसर अंगाच्या माशासाठी प्रश्न असा: या भोकात जास्तीत जास्त केवढं वर्तुळ बसेल? चौरसात २० मिलिमीटर व्यासाचं. ३० अंशांच्या चौकोनात १०. आणि २० अंशांच्या चौकोनात सातपेक्षाही कमी.

ट्रॉलर जाळं ओढतो तेव्हा नेमकं हेच होतं. ट्रॉल जाळं म्हणजे एक लांबलचक नरसाळं, शेवटी पिशवी. त्या पिशवीला आपल्याकडे खोला म्हणतात. जाळ्यापुढे पोहून पोहून दमलेले मासे मागे पडत पडत खोल्यात साचतात. ओढ लांबीच्या दिशेने असते, त्यामुळे नेहमीच्या विणीतले तिरपे आस लांबट होऊन मिटतात. घरी पाहायचं असेल तर कांद्याची जाळीदार पिशवी घ्या. रिकामी पिशवी दोन्ही टोकांना ओढली तर बोटही शिरत नाही. तिच्यात कांदे भरून उचला. तळाशी कांद्यांभोवती भोकं फुगून उघडतात आणि वरचा भाग मिटलेलाच राहतो. खोल्याचंही तसंच. साचलेल्या माशांच्या अगदी पुढच्या चारदोन ओळींतले आस थोडे उघडतात आणि लहान मासे निसटले तर तिथूनच निसटतात.

स्कॉटलंडमध्ये ऍबर्डीनच्या सागरी प्रयोगशाळेतल्या लोकांनी १९८० च्या दशकात याच्यावर गंभीरपणे काम केलं. उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा: जाळीचं कापड ४५ अंशांनी फिरवून लावा. आता आसाच्या दोन बाजू ओढीच्या दिशेत येतात आणि दोन आडव्या. ताण उभ्या दोऱ्या घेतात, आडव्या दोऱ्यांवर तो येतच नाही. भोक चौरस राहतं, म्हणजेच उघडं राहतं. दोरा तोच, आसही तोच, फक्त कापड तिरकं कापलं. (शिंप्यांना हे अर्थात आधीपासून ठाऊक आहे. उरेब कापड ताणतं, सरळ कापड ताणत नाही.) आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने असे चौरस आसाचे खोले आपल्या पाण्यात तपासले आणि गुजरातने २००३ च्या नियमांत ट्रॉल जाळ्याच्या खोल्याला ४० मिलिमीटर चौरस आस सक्तीचा केला.

तपासले म्हणजे कसे? खोल्यावर बाहेरून आणखी एक पिशवी चढवतात, अगदी बारीक आसाची. आतून निसटलेला मासा बाहेरच्या पिशवीत सापडतो. जाळं वर आलं की दोन्ही ढीग वेगळे मोजायचे, प्रत्येक लांबीचे किती आत राहिले आणि किती बाहेर गेले. आत राहिलेल्यांचं प्रमाण लांबीनुसार आलेखावर मांडलं की ताणलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखी वक्ररेषा मिळते. खूप लहान मासे सगळे निसटतात, खूप मोठे सगळे अडकतात, मध्ये चढण. ज्या लांबीला निम्मे मासे अडकतात तिला एल-पन्नास म्हणतात. चढण जितकी उभी, तितकं जाळं नेमकं. चढण पसरट असेल तर एल-पन्नास कायद्याच्या आकड्यावर बरोबर बसवूनही पुष्कळ लहान मासे आत राहतात आणि विकण्याजोगे पुष्कळ बाहेर जातात. यात आणखी गोम अशी की बाहेरची पिशवी आतल्या पिशवीला चिकटली तर भोकं झाकली जातात आणि आकडेच चुकतात. म्हणून ती कड्यांवर ताणून दूर ठेवावी लागते. वक्ररेषा बसवायला लॉजिस्टिक समीकरण वापरतात, त्याचे दोन गुणांक, त्यांची त्रुटी, शिवाय एकाच बोटीच्या दोन खेपांमधला फरक... असो. इथवर आलात, हे खूप झालं.

कारण खरी गंमत पुढे आहे. वरचं सगळं गणित गोलसर माशाचं आहे. पापलेट गोलसर आहे का?

पापलेट ताटासारखं. बाजूने चपटं, अंगाने उभं. त्याची उंची लांबीच्या निम्म्याहून अधिक भरते, म्हणजे १३५ मिलिमीटरचं पापलेट निदान ७० मिलिमीटर उंच. पातळ पत्र्यासारखा मासा भोकातून जाणार तो कर्णावरून. २० मिलिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण २८ मिलिमीटर. तोच आस ताणून लांबट केला, ३० अंशांवर, तर मोठा कर्ण जवळजवळ ३९ होतो. म्हणजे जे चौरस भोक गोलसर माशांना दार उघडून देतं, तेच पापलेटाला अधिक अडचणीचं! आणि दोन्हीकडे ७० मिलिमीटरचा मासा जायची गोष्टच नको. या जाळ्यातून निसटू शकणारं पापलेट जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरचं.

उलट गणित करा. साडेतेरा सेंटिमीटरचं पापलेट सुटावं असा चौरस आस हवा असेल, तर माशाची जाडी धरून बाजू पन्नास-साठ मिलिमीटर लागते, म्हणजे आस शंभर ते एकशेवीस. असा खोला लावलेल्या ट्रॉलरला दिवसभर ओढून काय मिळेल? कोळंबी नाही, मांदेली नाही, बांगडा नाही. बोंबील तर नाहीच. कायदेशीर १८० मिलिमीटरच्या बोंबलाचं अंग दोन-अडीच सेंटिमीटर आणि तेही लिबलिबीत.

थंड समुद्रात एका जाळ्यात दोन-चार जाती येतात, तिथे एक आस ठरवून बरंच काम भागतं. आपल्या समुद्रात एका खेपेत पन्नास जाती येऊ शकतात, सुईसारख्या, ताटासारख्या, सापासारख्या. ५४ जातींच्या ५४ लांब्या कागदावर लिहिता येतात, एका खोल्याला ५४ प्रकारची भोकं पाडता येत नाहीत. किमान लांबीचा नियम मासा मेल्यावर मोजतो, आसाचा नियम तो जिवंत असताना निवड करतो. या दोहोंची सांगड आपल्याकडे भूमितीच घालू देत नाही. मावशींचा प्रश्न हाच होता, त्यांनी तो चार शब्दांत विचारला एवढंच.

याचा अर्थ नियम फुकट आहेत असा नाही. पापलेटासाठी खास लावलेलं मोठ्या आसाचं गिलजाळं पाहा. ते भिंतीसारखं पाण्यात उभं असतं, लहान मासा आरपार जातो, मध्यम अडकतो आणि फार मोठा तर नुसता आपटून परत फिरतो. त्याची वक्ररेषा एससारखी नसून घंटेसारखी, म्हणजे लहान आणि खूप मोठे दोन्ही वाचतात. मोठी मादी वाचण्याला फार किंमत आहे, कारण ती लहान मादीपेक्षा कितीतरी पट अंडी घालते. म्हणजे पापलेटाला वाचवायचं तर 'कुठल्या आसाने' याआधी 'कुठल्या जाळ्याने, कुठे आणि कधी' हे विचारावं लागतं. ट्रॉलसाठी कोचीच्याच संस्थेने खोल्याआधी तिरपी जाळी बसवून मासे वरच्या पिशवीत आणि कोळंबी खालच्या पिशवीत वेगळी करायची रचना केली आहे. हुशार काम आहे. पण ती बसवली की थोडी कोळंबी जाते आणि त्या थोड्या कोळंबीचे पैसे कोण देणार, यावर बंदरात गाडं अडतं.

एखाद्या नियमाने समुद्राचं भलं झालं की नाही हे ठरवायचं कसं, हा दुसरा घोळ. वर्तमानपत्रं एकच आकडा छापतात: यंदा किती टन मासळी उतरली. २०१९ साली महाराष्ट्रात फक्त २.०१ लाख टन उतरली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. लगेच 'मासे संपले'चे मथळे आले. त्या वर्षी अरबी समुद्रात एकामागून एक वादळं झाली आणि बोटी कितीतरी दिवस बंदरात बांधून होत्या, हे मथळ्यात मावलं नाही. उलट फसगत तर याहून वाईट. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासा कमी होत होता, पण उरलेले मासे दाटीने एकत्र जमत आणि ट्रॉलर यंत्रांच्या मदतीने नेमके तिथेच जात. त्यामुळे ताशी मिळणारी मासळी शेवटपर्यंत चांगली दिसत राहिली. २ जुलै १९९२ रोजी सरकारने मासेमारीच बंद केली, तीसेक हजार लोकांचं काम गेलं. आज आपल्याकडे उपग्रहावरून 'इथे मासे मिळतील' असे इशारे मोबाइलवर येतात आणि त्याचं मोठं कौतुक होतं. डिझेल वाचतं, हे खरं. पण त्याने मासे सापडतात, वाढत नाहीत. आणि मासळीच्या आकड्यावरून साठा ओळखणं आणखी अवघड होतं.

पावसाळी बंदीचंही तेच. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. पुष्कळ माशांना या काळात उसंत मिळते, हे नक्की. पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या बोटी एकदम सुटतात आणि दोन महिन्यांत वाढलेली पिल्लं पहिल्या खेपांतच येऊ लागतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्या शांत होतो असं म्हणतात. सण मला आवडतो, नारळीभात तर फारच. पण दर्या शांत होतो तो नैऋत्य वारे मंदावू लागतात म्हणून, आणि ते पंचांग बघून मंदावत नाहीत. याहून त्रासदायक समजूत घोळ माशाच्या बोताची. त्यात अमुक शक्ती आहे, तमुक रोग बरा होतो, म्हणून पूर्वेकडच्या देशांत त्याला सोन्याचा भाव. बोत म्हणजे माशाला पाण्यात तरंगतं ठेवणारी हवेची पिशवी, मुख्यतः कोलॅजेन, जे गाईच्या कातड्यातही असतं. 'घोळ लागला, कोळी कोट्यधीश' अशी बातमी आली की त्या मोसमात प्रत्येक जण घोळीच्या मागे लागतो, ७०० मिलिमीटर असो वा नसो.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा त्याच मावशींकडे गेलो. पट्टी होतीच. त्यांनी स्वतःच एक बोंबील उचलून समोर धरला. "घ्या, मापा." एकवीस सेंटिमीटर.

"पास?"

"पास," मी म्हटलं. "ट्रॉलरचा का?"

"छे, डोलीचा." डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या धारेत खुंटांना बांधून ठेवायचं जाळं. त्यात जवळाही धरायचा असतो, म्हणून शेवटाकडे आस मच्छरदाणीसारखा बारीक होत जातो. "तुम्ही परवा मापलंत ना ते पापलेट? तेपण डोलीचंच होतं. एकाच खोल्यात येतात सगळे."

मी अर्धा डझन बोंबील घेतले.